धानाच्या मुलखातली रेंजर

सायकलीवरची परदेशी पुस्तकं वाचली तर माउंटन बाइकचा हंगाम वसंतात सुरू होतो असं दिसतं. बर्फ वितळलेलं असतं, वाटा ओल्या असतात आणि हिवाळाभर कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर निघते. भंडारा जिल्ह्यात हे वेळापत्रक कामाचं नाही. इथला हंगाम पाऊस ठरवतो. वर्षभरात पडणाऱ्या साधारण १,३०० मिलिमीटर पावसाचा बहुतेक वाटा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे माघारी फिरतात आणि पुढचे चार महिने सायकल चालवायला याहून चांगली हवा शोधून सापडणार नाही. याच सुमारास दिवाळी येते आणि साकोली, तुमसर, पवनीच्या दुकानांतून नव्या सायकली बाहेर पडतात. त्यांतल्या बऱ्याच गावोगावी ‘रेंजर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या असतात: जाड टायर, पुढे शॉकअप, कधी मागेही, डिस्क ब्रेक आणि फ्रेमवर ठळक अक्षरांत २१ गेअर. ही निवड चुकीच्या टोकाकडून होते, असं माझं म्हणणं आहे. भंडाऱ्यात माउंटन बाइक घ्यायची तर विचाराची सुरुवात ऑक्टोबरच्या चिखलापासून आणि तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापासून व्हावी. जो भाग तो चिखल सोसत नाही किंवा त्या दुकानात उघडून पुन्हा बसवता येत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. वाचलेला पैसा कुठे घालायचा हेही त्यावरूनच ठरतं.

हा चिखल कसला आहे ते आधी समजून घ्यायला हवं. या भागातला शेतकरी जमीन ओळखतो ती कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी या नावांनी. कन्हार म्हणजे खोल, काळी, चिकट जमीन. मोरांड त्याच जातीची, पण चुनखडीचे खडे मिसळलेली. सिहार पिवळसर, रेती आणि चिकणमाती यांच्या मेळाची, धानाला मानवणारी. खरडी उथळ, तर बरडी उंचवट्यावरची, मुरमाड आणि लालसर. सायकलीच्या दृष्टीने या जमिनींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बरडीवर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत चाक मोकळं फिरतं. कन्हारीवर तोच पाऊस कितीतरी दिवस मुक्काम करतो. त्यात धानाची शेती आणखी भर घालते. रोवणीच्या आधी बांधीत चिखलणी करतात ती मातीची घडण मुद्दाम मोडण्यासाठी. मातीचे कण सुटे होऊन बसले, खालचा थर घट्ट झाला की पाणी जिरत नाही आणि बांधी भरलेली राहते. पिकाला हेच हवं असतं. पण बांधीला लागून जाणारी पांदण त्यामुळे ऑक्टोबर उलटला तरी खालून ओलीच राहते. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, चाक त्यावर गेलं की दोन बोटं खाली रुततं आणि चिकणमातीचा थर टायरबरोबर वर येतो. कापणीनंतर त्यात तणसाच्या काड्या मिसळतात. माती आणि काडी यांचं ते मिश्रण फ्रेम आणि टायर यांच्या फटीत बसलं की चाक फिरायचंच थांबतं. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून काही पांदण रस्त्यांवर मुरूम पडला आहे, तिथे परिस्थिती सुधारली. बाकी ठिकाणी हंगामाचे पहिले पाच-सहा आठवडे हे असेच जातात. त्यानंतर चिखलाची जागा धूळ घेते. रेतीचे टिप्पर ज्या रस्त्यांवरून धावतात तिथे, आणि चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या आसपास, ही धूळ साधी नसते. तिच्यात गारेचे आणि खनिजाचे बारीक, कठीण कण असतात.

या चिखल-धुळीचा पहिला बळी साखळी. साखळीतल्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे अशा २४ अंतरांची लांबी बरोबर १२ इंच. जुनी साखळी ‘लांबली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून थोडा थोडा झिजलेला असतो, आणि शंभराच्या वर सांध्यांची ती झीज एकत्र होऊन साखळी मोठी झाल्यासारखी वाटते. तेलात मिसळलेली बारीक माती ही झीज कशी वाढवते हे कुणाही मेकॅनिकला सांगावं लागत नाही, कारण इंजिनाचा व्हॉल्व घासून बसवताना तो अशीच पेस्ट वापरतो. झिजलेल्या साखळीचं अंतर दातांच्या अंतराशी जुळेनासं होतं, मग ती दातांच्या टोकांवर चढून दात खाते, आणि शेवटी साखळी, फ्रीव्हील, पुढची चक्री असं सगळंच बदलावं लागतं. हे टाळायला लागणारं यंत्र बऱ्याच शाळकरी मुलांच्या दप्तरात आहे. फुटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवायचा आणि बारा इंचांवरची पिन पाहायची. ती खुणेच्या पुढे १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर सरकली असेल तर साखळी बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर फ्रीव्हीलही गेलं असं धरून चालावं. साखळी हा सायकलीतला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. वेळेवर बदललेली एक साखळी तिच्याहून महाग असे दोन भाग वाचवते. तरीही दुकानात साखळी बदलली जाते ती बहुधा तुटल्यावर.

इथे थोडा इतिहास पाहणं उपयोगाचं आहे, कारण माउंटन बाइकचा जन्मच देखभालीच्या एका अडचणीशी जोडलेला आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन वणव्यासाठी आखलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. त्या उताराचं नाव पडलं ‘रीपॅक’. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे, उतारावर तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर होई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे, त्यावरूनच हे नाव. जो ब्रीझ या कारागिराने १९७७ मध्ये या कामासाठी पहिली खास फ्रेम बनवली, गॅरी फिशर आणि टॉम रिची यांनी पुढे त्याचा व्यवसाय केला, १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही मोठ्या संख्येने बनलेली माउंटन बाइक बाजारात आली आणि १९९६ मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पोचला. या क्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रॉकशॉक्स ही शॉकअपसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी १९८९ ची. म्हणजे पहिली दहा-बारा वर्षं माउंटन बाइक शॉकअपशिवायच डोंगर उतरत होती. तिला माउंटन बाइक बनवलं ते रुंद टायर, भक्कम फ्रेम, खात्रीचे ब्रेक आणि चढाला पुरेसे हलके गेअर यांनी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपले रस्ते खड्ड्यांचे, पांदणीत बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मग शॉकअप हवाच. आक्षेपातली पहिली दोन विधानं खरी आहेत, तिसरं त्यांतून निघत नाही. चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामं होतात: स्प्रिंग किंवा हवा धक्का झेलते आणि आतलं तेल ती उसळी आवरतं. स्वस्त रेंजरच्या शॉकअपमध्ये आवरण्याची व्यवस्था जवळजवळ नसते. असते ती स्प्रिंग, आणि तीही सगळ्या वजनांना एकच. ४० किलोच्या मुलीच्या वजनाने ती हलत नाही, ८० किलोच्या माणसाखाली तळाला जाऊन आदळते. वजन मात्र दोन-अडीच किलो होतं, साध्या पोलादी फोर्कच्या जवळपास दुप्पट. नळ्यांवरचं रबरी सील एकदा सैल पडलं की पावसाळ्याचं पाणी आत जातं, गंज चढतो, आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत शॉकअप एक तर जाम होतो नाही तर खुळखुळा. उत्तम शॉकअप घेतला तर? त्याचीही सेवा ठरलेली आहे. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्या दर ५० तासांनी उघडून साफ करायला आणि त्यातलं तेल बदलायला सांगते. रोज तासभर सायकल चालवणाऱ्या विद्यार्थ्याला ५० तास व्हायला दोन महिने पुरतात. लाखांदूर किंवा मोहाडीच्या दुकानात हे काम कोण करणार? मागच्या शॉकअपबद्दल तर बोलायलाच नको. स्वस्त सायकलीत तो म्हणजे फ्रेमच्या मधोमध बसवलेला एक ढिला सांधा असतो, आणि पायातला जोर चाकापर्यंत जायच्या आधी त्यात खर्च होतो.

धक्का झेलण्याचं काम आधी टायरने करायचं असतं. २.१ इंची टायरात पुरेशी, पण जास्त नाही, अशी हवा असेल तर ते लहान खड्डे आणि दगड गिळून टाकतं. आपल्याकडे उलटं होतं. पंक्चरच्या भीतीने टायर दगडासारखं टणक होईपर्यंत हवा भरतात, मग हाताला मुंग्या येतात, आणि त्यावर इलाज म्हणून शॉकअप मागतात. टायरच्या कडेवर हवेचा किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. ओल्या पांदणीत हलक्या माणसाने किमान आकड्याजवळ राहावं, त्याखाली जाऊ नये, कारण मग धोंड्यावर आपटल्यावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते. टायरची नक्षीही इथे पाहून घ्यावी. दाट, छोट्या गुठळ्यांचं टायर डांबरावर छान धावतं, पण कन्हारीत दोनशे पावलांत त्याच्या फटी लिंपून जातात आणि ते गुळगुळीत होतं. गुठळ्या उंच आणि एकमेकींपासून लांब असतील तर चाक फिरताना माती झडते. टायर आणि फ्रेम यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण दुकानात उभ्याउभ्या बोट घालून तपासता येते.

चाकाच्या मापाचा प्रश्न जास्त अवघड आहे. २६, २७.५ आणि २९ इंची सायकलींच्या रिमवर टायर बसतं त्या जागेचा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतो, आणि एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही. मोठं चाक चाकोरीवरून, बांधाच्या उंचवट्यावरून सहज जातं यात शंका नाही. सायकलधंदा २९ कडे सरकला तो उगाच नव्हे. पण बाजाराच्या दिवशी एखाद्या मोठ्या गावात २६ ची ट्यूब हमखास मिळेल, २९ ची मिळेलच असं नाही. त्यामुळे रोजच्या वापरासाठी, शाळा-कॉलेजसाठी सायकल घेणाऱ्याने आजही २६ घ्यावी असं मला वाटतं. २९ घ्यायचीच तर घरात दोन ट्यूब आणि एक टायर आधी आणून ठेवावं. मोटारसायकलला असतो तसा व्हॉल्व असलेली ट्यूब मागावी, म्हणजे हवा कुठेही भरता येते. आणि बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रावण भरून घेण्याचा खर्च काही आठवड्यांत वसूल होतो.

आता त्या २१ गेअरांचा हिशोब करू. पुढे ४२, ३४ आणि २४ दातांच्या तीन चक्र्या, मागे १४ ते २८ दातांच्या सात, अशी मांडणी बऱ्याच सायकलींवर असते. ४२ दात पुढे आणि २८ मागे असताना पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दीड फेरा घेतं. २४ पुढे आणि १६ मागे घेतले तरी तेच दीड. ३४ आणि २२ घेतले तर १.५५, पायाला फरक कळणारही नाही. म्हणजे एकवीसपैकी कित्येक गेअर एकमेकांच्या नकला आहेत. त्यातही साखळी सर्वांत तिरकी होते असे दोन-तीन वापरूच नयेत. या नकलांसाठी साखळी चक्रीवरून चक्रीवर सरकवणारा पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, त्याची केबल आणि जास्तीच्या दोन चक्र्या वाहाव्या लागतात. पुढचा डिरेलर बसतो नेमका तिथे, जिथे मागच्या टायरने उडवलेली माती येऊन साचते. त्याऐवजी पुढे ३४ ची एकच चक्री आणि मागे १४ ते ३४ दातांचं सात चक्र्यांचं फ्रीव्हील लावलं तर? सर्वांत हलक्या गेअरात एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, सावकाश पायडल मारूनही ताशी सात किलोमीटरच्या आसपास. सर्वांत जड गेअरात मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २४ किलोमीटर. भंडारा शहराच्या भोवतीचा प्रदेश बहुतांश सपाट आहे. खरा चढ लागतो तो गायखुरीच्या डोंगररांगेत, आणि गायमुख किंवा आंबागडाकडे जाताना. तिथेही कच्च्या वाटेवर फार तर काही मिनिटं उतरून चालावं लागेल. हा तोटा कबूल करूनही मी एकाच चक्रीच्या बाजूने आहे, कारण जो भाग सायकलीवर नाही तो बिघडत नाही.

मग एकदम साधी काळी सायकलच का घेऊ नये, असा दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. तीन पिढ्यांनी त्याच सायकलीवर धानाची पोती वाहिली, तिचे सुटे भाग प्रत्येक गावात मिळतात, आणि तिचा साखळीवरचा पत्र्याचा डबा ही तर अप्रतिम कल्पना आहे. चिखल साखळीपर्यंत पोचूच द्यायचा नाही! रेंजर बनवणाऱ्यांनी तो डबा सोडून दिला हे वाईटच झालं. पण काळ्या सायकलीच्या दोन उणिवा या हंगामात धोक्याच्या ठरतात. तिचे ब्रेक चकचकीत पोलादी रिमवर रबर दाबतात, आणि ओल्या पोलादावर रबराची पकड फारच कमी होते. धरणाच्या पाळीवरून उतरताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते. दुसरं म्हणजे पुढे ४४ आणि मागे १८ दात असा तिचा एकुलता एक गेअर सडकेसाठी ठीक आहे, चिखलात तो ओढता ओढता गुडघे दुखतात, आणि अंगालगतच्या मडगार्डात माती घट्ट बसते. काळ्या सायकलीकडून घ्यायचा तो तिचा स्वभाव: थोडे भाग, कुणालाही उघडता येणारे. तो जाड टायर, हलका गेअर आणि चांगल्या ब्रेकबरोबर एकत्र आणता येतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी निःसंकोच नव्या पद्धतीच्या बाजूने आहे. रिमवर दाबणारा ब्रेक चिखलात दुहेरी नुकसान करतो. रबरात रुतलेला गारेचा कण ॲल्युमिनियमच्या रिमला कानसासारखा खात राहतो आणि एक दिवस रिमची कड पातळ होऊन फाकते. डिस्क हबजवळ, चिखलाच्या वर असते, आणि तिच्यावर आलेलं पाणी एक-दोन दाबांत पुसलं जातं. केबलने चालणारा डिस्क ब्रेक कुठलाही मिस्त्री समजून घेऊ शकतो: पॅड झिजले की स्क्रू फिरवून जवळ आणायचे, केबल सैल झाली की ओढायची. तेलावर चालणारा ब्रेक जास्त चांगला, हाताला हलका आणि मातीपासून बंदिस्त. पण त्यात हवा शिरली की ती काढायला विशिष्ट साधन लागतं, आणि शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल, तर इतर काहींना मोटारीचं ब्रेक ऑईल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली सगळी रबरं खराब होतात. म्हणून तालुक्याच्या पातळीवर केबलचा डिस्क ब्रेक पुरेसा. पॅड रेझिनचे आणि धातुमिश्रित असे दोन प्रकारचे मिळतात. डिस्कवर तशी मनाई छापलेली नसेल तर चिखलासाठी धातुमिश्रित घ्यावेत, ते ओल्या मातीत बरेच जास्त टिकतात. एक पथ्य कडक पाळावं: साखळीला तेल देताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नये.

तेलावरून आठवण होते ती आपल्याकडच्या तीन सवयींची, ज्या मोडल्या तर निम्मी दुरुस्ती टळेल. पहिली, इंजिनातून काढलेलं काळं जळालेलं ऑईल साखळीवर ओतणं. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, आणि ते इतकं चिकट असतं की डिसेंबरची धूळ त्याला मुंगळ्यासारखी चिकटून बसते. साखळी आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी, कोरडी होऊ द्यावी, प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब तेल सोडावं, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकावं. तेल हवं ते सांध्याच्या आत, बाहेर दिसणारं तेल फक्त माती गोळा करतं. साखळीचं खास तेल मिळालं तर उत्तम, नाही तर शिलाई यंत्राचं पातळ तेलही चालतं, मात्र ते आठवड्याला द्यावं लागतं. दुसरी सवय, चिखलाने माखलेली सायकल मोटारसायकलीच्या वॉशिंग सेंटरवर नेणं. तिथल्या फवाऱ्याचं पाणी हबच्या आणि पायडलच्या आसाच्या सीलमधून आत घुसतं, ग्रीस धुऊन काढतं, आणि छर्रे पंधरा दिवसांत गंजतात. बादलीभर पाणी, जुना ब्रश आणि चिखल ओला असतानाच धुण्याची घाई एवढं पुरतं. कन्हार एकदा वाळली की ती खरवडताना रंगही निघतो. तिसरी सवय म्हणजे ओव्हरहॉलिंग आवाज यायला लागल्यावर करणं. ते पाऊस संपल्याबरोबर, दसऱ्याच्या आसपास करून घ्यावं: दोन्ही हब, हँडलचे कप आणि पायडलचा आस उघडून जुने छर्रे टाकून द्यायचे, नवे घालायचे, ग्रीस भरायचं, कोन असे आवळायचे की चाक मोकळं फिरेल पण हलणार नाही. चाकाचा आउट काढायचा. सीटची नळी बाहेर काढून सायकल उलटी करायची, म्हणजे पावसाळ्यात फ्रेममध्ये साचलेलं पाणी निघून जातं. ही शेवटची गोष्ट फारच थोडे लोक करतात, आणि पोलादी फ्रेम आतून सडतात त्या याच पाण्याने.

हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे, असा तिसरा आक्षेप. आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते, किंवा पहाटे मजुरीला निघणारा माणूस, त्यांच्याकडून या पथ्याची अपेक्षा करायची का? माझं उत्तर असं की सायकल नीट निवडली तर आठवड्याचं काम साखळी पुसणं आणि हवा पाहणं एवढंच उरतं, आणि ते शाळेत निघण्याआधी होतं. ओव्हरहॉलिंग वर्षातून एकदा. वेळखाऊ असतं ते चुकीच्या सायकलीचं: शॉकअप जाम, पुढचा डिरेलर वाकडा, प्रत्येक वेळी दुकानात अर्धा दिवस. शाळांनी दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी एक दिवस गावातल्या सायकल मिस्त्रीला बोलावून सगळ्या मुला-मुलींना साखळी मोजायला, ब्रेक ओढायला आणि पंक्चर काढायला शिकवलं, तर त्या वाटलेल्या सायकली दोन-तीन वर्षं जास्त चालतील. मिस्त्रीलाही त्याचा मोबदला मिळावा. हा खर्च सायकलींच्या किमतीपुढे नगण्य आहे.

महाग, चांगल्या माउंटन बाइक घेणाऱ्यांची संख्याही आता वाढते आहे, आणि त्यांना ही काटकसर पटणार नाही. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. अशा सायकलीची दुरुस्ती नागपूरला, म्हणजे भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, आणि साकोली-लाखांदूरहून त्याहून बरीच लांब. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची केलेली असते, कारण सायकल आपटली तर फ्रेम वाचून ती वाकावी. आणि ती बहुधा प्रत्येक कंपनीची, कित्येकदा प्रत्येक मॉडेलची वेगळी. पाच-पन्नास ग्रॅमची ती पट्टी हाताशी नसेल तर पन्नास हजारांची सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते. म्हणून सायकल घेतानाच दोन पट्ट्या, साखळीचा जोडदुवा आणि पॅडची एक जोडी त्याच बिलात घ्यावी, मग बाकीचा विचार करावा.

राहिला प्रश्न ऑक्टोबरात जावं कुठे याचा, आणि त्याचंही उत्तर मातीच देते. सुरुवातीचे आठवडे बरडीचे आणि मुरमाच्या रस्त्यांचे: तुमसरकडची चांदपूरची बाजू, गायखुरीच्या पायथ्याच्या वाटा, नहराच्या कडेचे देखभालीचे रस्ते. गोसीखुर्दच्या पाणीसाठ्याभोवती पवनीकडे काळी जमीन जास्त आहे, तिथली पांदण डिसेंबरपर्यंत राहू द्यावी. बांधीच्या धुऱ्यावरून सायकल नेऊ नये. ओल्या धुऱ्यावर चाकाची एक चाकोरी पडली की पाणी तिथूनच फुटतं, आणि दाणा भरायच्या दिवसांत बांधी रिकामी झाली तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळींचंही तसंच. कोका आणि नागझिरा ही वाघाची जंगलं आहेत, तिथे वन विभागाच्या नियमांपलीकडे आणि ठरलेल्या वेळेपलीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. अभयारण्याच्या बाहेरच्या जंगललगतच्या वाटांवरही सूर्य मावळायच्या आत गावात परतलेलं बरं. कापणी सुरू झाली की धानातले साप वाटांवर येतात, तेव्हा पायात बूट आणि हातात ब्रेक दोन्ही हवेत. आणि समोरची पांदण चालवण्याजोगी आहे का, हे पाहायला पहिल्या ओल्या जागी उतरून टाच दाबावी. टाचेचा ठसा बोटाच्या पेरापेक्षा खोल उमटला आणि माती तळव्याला चिकटून वर आली, तर त्या दिवशी सडकेने जावं.